दुधाचा कार्बन हिशेब: भाकड जनावर मोजल्याशिवाय उत्तर येत नाही

प्रश्न असा आला आहे: पुण्यात राहणाऱ्या एका गृहस्थांची कॉलेजात शिकणारी मुलगी म्हणते, घरातलं दूध-पनीर बंद करा, एका लिटरमागे तीन किलो कार्बन हवेत जातो. गृहस्थांच्या धाकट्या भावाचा फलटण तालुक्यात दहा संकरित गायींचा गोठा आहे. दिवाळीला सगळे जमले आणि त्यावरून वाद झाला. तेव्हा हा आकडा आपल्याकडे लागू आहे का, देशी गाय पाळली तर भार कमी होतो का, आणि रविवारच्या मटण-चिकनचं काय, एवढं त्यांना विचारायचं आहे.

मी पशुवैद्यक आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या गोठ्यांतून आयुष्य गेलं, त्यातही चारा आणि प्रजनन हे माझे विषय. त्यामुळे उत्तर गोठ्याच्या बाजूने येईल हे आधीच सांगतो. पण गोठ्याची वकिली करणार नाही.

मुलीचा आकडा खरा आहे. फक्त तो कुठला आहे, ते तिला विचारा. २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात जोसेफ पूर आणि थॉमस नेमेचेक यांचा अभ्यास आला. ११९ देशांतल्या सुमारे ३८,७०० शेतांची माहिती त्यात एकत्र केली होती. दुधाची जागतिक सरासरी लिटरमागे तीन किलोच्या जरा वर निघाली. हा निव्वळ कार्बन नव्हे. मिथेन, नायट्रस ऑक्साइड वगैरे सगळे वायू कार्बन डायऑक्साइडच्या मापात बदलून केलेली ती बेरीज आहे. त्याआधी २०१० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने वेगळ्या पद्धतीने हिशेब केला, तेव्हा जगाची सरासरी किलोमागे २.४ आली. पण त्या अहवालात माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट सरासरी नव्हतीच. सगळ्यात कमी आकडा १.३ होता आणि सगळ्यात जास्त ७.५. कमी आकडा होता श्रीमंत देशांतल्या बंदिस्त, भरपूर दूध देणाऱ्या गायींचा. ७.५ होता सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेतल्या, मोकळ्या रानात चरणाऱ्या गायींचा.

शहरात बसून आपण उलटं गृहीत धरतो. रानातली गाय निर्मळ आणि कारखान्यासारख्या गोठ्यातली गाय प्रदूषण करणारी, असं चित्र डोक्यात असतं. लिटरमागच्या हिशेबात ते टिकत नाही. का, ते समजायला गाईच्या पोटात शिरावं लागेल.

रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाला चार कप्पे. पहिला आणि सगळ्यात मोठा कप्पा म्हणजे आंबवण्याची टाकीच. कडबा, भुसा, वाळलेलं गवत, म्हणजे जे माणसाला, कोंबडीला, डुकराला पचत नाही, ते तिथले सूक्ष्मजीव फोडतात. या फोडण्यात हायड्रोजन सुटतो, आणि तो खाऊन मिथेन सोडणारी सूक्ष्मजीवांची एक जमात त्याच टाकीत राहते. हा वायू मुख्यतः तोंडावाटे, ढेकरेतून बाहेर पडतो. लोक समजतात तसा मागून नव्हे. खाल्लेल्या ऊर्जेतला सहा-सात टक्के भाग असा हवेत जातो. म्हणजे मिथेन हा पर्यावरणाचा जेवढा तोटा, तेवढाच शेतकऱ्याचाही. चाऱ्याला घातलेला पैसाच ढेकरेतून जातोय, हे शेतकऱ्याला सांगितलं की त्याचे कान टवकारतात. ‘जागतिक तापमानवाढ’ म्हटलं की तो चहा मागवतो.

मिथेन शंभर वर्षांच्या मापात कार्बन डायऑक्साइडच्या २७-२८ पट उष्णता धरतो, आणि वीस वर्षांच्या मापात सुमारे ८० पट. पण हवेत तो साधारण बारा वर्षंच टिकतो. यावरून ‘गायी तर कृष्णाच्या काळापासून आहेत, तेव्हा पृथ्वी का नाही तापली?’ असा मजकूर मोबाइलवर फिरतो. त्यात अर्धं तथ्य आहे. जनावरांची संख्या आणि त्यांचं खाणं कायम राहिलं, तर जुना मिथेन विरत जातो आणि नवा त्याची जागा घेतो. साठा फारसा वाढत नाही. पण जगात जनावरांची संख्या कायम राहिलेली नाही. आपल्याकडे २०१९च्या पशुगणनेत गाय-बैल १९ कोटी २५ लाख, म्हणजे २०१२च्या मानाने जवळपास स्थिर. म्हशी मात्र ११ कोटींच्या घरात, आणि त्या गायींमध्ये संकरित व विदेशी रक्ताची जनावरं सात वर्षांत २६-२७ टक्क्यांनी वाढली, गावठी-देशी सहा टक्क्यांनी घटली. मोठं जनावर जास्त खातं आणि जास्त वायू सोडतं. शिवाय मिथेन लवकर विरतो याचा दुसरा अर्थ असा की आज तो कमी केला तर फळ आपल्या हयातीत दिसतं. कार्बन डायऑक्साइडबाबत तसं म्हणता येत नाही.

देशाच्या एकूण हरितगृह वायूंमध्ये शेतीचा वाटा साधारण १४ टक्के आहे, आणि त्यातला निम्म्याहून जास्त जनावरांच्या पोटातून येतो. भात खाचरांचा मिथेनही त्याच खात्यात पडतो, पण जनावरांच्या बराच मागे.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे. भारताच्या सरकारी हिशेबात दुभत्या गावठी गाईला वर्षाला सुमारे २८ किलो मिथेन धरतात, संकरित गाईला ४३ आणि म्हशीला ५०. गावठी गाय दिवसाला तीन लिटर देते आणि आठ महिने दूध चालतं असं धरा. वर्षाला सातशे लिटर झाले. लिटरमागे ४० ग्रॅम मिथेन, म्हणजे १.१ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइडइतका भार. संकरित गाय सरासरी नऊ लिटर आणि तीनशे दिवस धरली तर २,७०० लिटर. लिटरमागे १६ ग्रॅम, म्हणजे अर्ध्या किलोच्याही आत. म्हैस मधे कुठेतरी येते, पण तिच्या दुधात फॅट जास्त असल्याने तिला थोडी सूट द्यायला हवी. हा फक्त ढेकरेचा हिशेब. चारा, खत, वीज, वाहतूक वेगळी.

‘देशी गाय म्हणजे पर्यावरणाला चांगली’ या समजुतीचं काय होतं ते यात दिसतं. लिटरच्या मापात ती हरते, आणि तिचं दूध शंभर रुपये लिटरने विकणाऱ्यांनी पर्यावरणाचं कारण सांगू नये. पण खिलार गाय मुळात दुधासाठी नव्हतीच. ती बैल देण्यासाठी होती. लाल कंधारी, देवणी, डांगी, गवळाऊ या सगळ्यांमध्ये कामाचा बैल हा उत्पादनाचा मोठा भाग होता. बैलाच्या कामाऐवजी ट्रॅक्टरचं डिझेल मोजा, शेणखताऐवजी युरियाच्या कारखान्यात जाळलेला गॅस मोजा, मग तिचा आकडा सुधारतो. ज्या घरात बैल उरले नाहीत आणि गाय नुसती हौसेने दावणीला आहे, तिथे सुधारत नाही. मराठवाड्याच्या उन्हात एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन या विदेशी जातीच्या) गाईला पंखे आणि पाण्याचे फवारे लावावे लागतात, देवणीला लागत नाहीत, हेही त्याच हिशेबात धरावं लागतं. म्हणून मी सरसकट उत्तर देत नाही. फलटणला, उसाच्या पट्ट्यात, पाणी आणि डेअरी दारात असताना संकरित गायच बरोबर. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या डोंगराळ अकोले तालुक्यात डांगी.

आपल्याकडे संकर उगाच आला नाही. १९६७ मध्ये मणिभाई देसाईंनी उरुळीकांचनला बाएफ या पशुपालन सुधारणाऱ्या संस्थेची सुरुवात केली, १९७० मध्ये देशात ‘दुधाचा महापूर’ (ऑपरेशन फ्लड) योजना आली, आणि कमी जनावरांत जास्त दूध हा विचार गावोगाव पोहोचला. तेव्हा मिथेनचं नावही कोणी घेत नव्हतं. पण लिटरमागचा भार कमी करणारी ती राज्यातली सगळ्यात मोठी गोष्ट ठरली.

मग तुमच्या भावाचा गोठा निर्दोष का? नाही. वरच्या हिशेबात एक मोठी खोट आहे. मी फक्त दूध देणारी गाय मोजली. गोठ्यात दूध न देणारीही जनावरं असतात, आणि आपल्याकडे खरा भार तिथे लपलेला आहे.

दहा संकरित गायींच्या साध्या गोठ्यात एका वेळी सहा-सात दुधात असतात. बाकी गाभण, आटवलेल्या किंवा भाकड. शिवाय तीन-चार कालवडी, एखाद-दोन गोऱ्हे. कालवड पहिल्यांदा व्यायला हवी चोवीस ते अठ्ठावीस महिन्यांत. आपल्याकडे ती तीन वर्षांवर जाते, कारण लहानपणी दूध तोडलं जातं, पुढे नुसत्या वाढ्यांवर, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या पाल्यावर ठेवली जाते आणि वजन धरत नाही. ते वाढीव आठ-दहा महिने ती खाते आणि ढेकर देते. दूध शून्य.

त्याहून मोठी गळती दोन वेतांमधल्या अंतरात. गाय तेरा-चौदा महिन्यांनी पुन्हा व्यायली पाहिजे. प्रत्यक्षात सोळा, अठरा महिने लागतात. एका वेताला तीन हजार लिटर देणारी गाय तेरा महिन्यांनी व्यायली तर वर्षाकाठी सुमारे २,७७० लिटर पडतात. अठरा महिन्यांनी व्यायली तर दोन हजार. जनावर तेच, खुराक जवळपास तोच. लिटरमागचा मिथेन साडेपंधरा ग्रॅमवरून साडेएकवीसवर गेला. लांबलेल्या वेतात ती शेवटी दोन-तीन लिटर देत राहते, त्यामुळे फरक थोडा कमी धरा. तरी तीसेक टक्क्यांचा भार नुसत्या न राहिलेल्या गर्भामुळे वाढतो.

आणि गाय का उलटते, म्हणजे रेतन करूनही गाभण का राहत नाही? बहुतेक वेळा कारण औषधाच्या दुकानात नसतं. माज, म्हणजे गाय फळायला तयार असण्याचा काळ, पहाटे येतो, कोणी बघितलेला नसतो, आणि रेतन करणारा दुपारी पोहोचतो. म्हशीत तर मुका माज, बाहेरून काही दिसतच नाही. दुसरं कारण खनिजं. उसाच्या वाढ्यांमध्ये ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियमला बांधून ठेवतं; महिनोन् महिने वाढ्यांवर असलेल्या गाईची हाडं आणि गर्भाशय दोन्ही मार खातात. दिवसाला मूठभर खनिज मिश्रण हा माझ्या मते महाराष्ट्रातला मिथेन कमी करायचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे, जरी त्याच्या पिशवीवर तसं कोणी लिहीत नाही.

आता गोऱ्ह्याचा प्रश्न, जो बोलायला कोणाला आवडत नाही. निम्मी वासरं नर असतात. संकरित बैलाला आपल्याकडच्या उन्हात औताला काम नाही. राज्यात गाईच्या कत्तलीवर १९७६च्या कायद्याने बंदी होती, २०१५ मध्ये ती बैल आणि वळूंनाही लागू झाली. कायदा योग्य की अयोग्य हा वेगळा वाद. मी इथे फक्त जमाखर्च लिहितोय. नर वासराला गिऱ्हाईक नाही म्हटल्यावर एक तर ते दुधाविना मरतं, किंवा मोकाट सुटतं, किंवा वर्षानुवर्षं पोसलं जातं. पोसलं तर त्याचा सगळा भार दुधाच्या खात्यात येतो. म्हशीचं तसं नाही. रेडा आणि भाकड म्हैस मांसासाठी जाते, भारतातून म्हशीच्या मांसाची मोठी निर्यात होते, त्यामुळे भार दूध आणि मांस यांच्यात वाटला जातो. गाईसाठी आता लिंग-निर्धारित वीर्यमात्रा आल्या आहेत. त्यात सुमारे नव्वद टक्के कालवडी होतात आणि अनुदानही मिळतं. गर्भ राहण्याचं प्रमाण साध्या मात्रेपेक्षा थोडं कमी असतं, म्हणून ती धडधाकट कालवडीला किंवा पहिल्या-दुसऱ्या वेताच्या गाईला वापरावी; तीनदा उलटलेल्या गाईवर पैसे घालवू नयेत.

मुंबईच्या तबेल्यांत याचं टोक बघायला मिळायचं. हरियाणा-गुजरातकडून व्यायलेली म्हैस आणायची, एक वेत पिळायचं, आटली की पुन्हा गाभण न करता कसायाला. चार वर्षं वाढवलेल्या जनावराचा सगळा भार एका वेताच्या दुधावर पडायचा. १९४९ मध्ये आरे वसाहत वसवली ती हेच तबेले शहराबाहेर न्यायला. पण उत्तर मुंबईत तबेले राहिले आणि त्यांचं शेण दहिसर नदीत जात राहिलं.

चाऱ्याकडे येतो. तिथे माझं मत जरा कडवट आहे.

एक काळ होता की आपल्या जनावराला स्वतःची अशी जमीन लागत नसे. मालदांडी ज्वारी माणसाला, कडबा जनावराला. तुरीचा भुसा, हरभऱ्याचा भुसा, भुईमुगाचा पाला. अन्न व कृषी संघटनेच्याच तज्ज्ञांनी २०१७ मध्ये मांडलं की जगातली जनावरं जे खातात त्यातलं ८६ टक्के माणसाच्या खाण्याजोगं नसतं. कडब्यावरची गाय हे त्याचं उत्तम उदाहरण होती. मग ज्वारीचं क्षेत्र आटलं, सोयाबीन आणि ऊस वाढला, आणि सोयाबीनचं भुस्कट जनावर नाइलाजाने खातं. कडब्याची जागा बागायती चाऱ्याने घेतली: संकरित नेपियर, मका, लसूण घास. त्यांना विहिरीचं, बोअरचं, कालव्याचं पाणी लागतं.

पाण्याचे आकडे इथे नीट वाचावे लागतात. एक लिटर दुधाला हजार लिटर पाणी, हा आकडा बरोबर आहे. नेदरलँड्सच्या हुक्स्ट्रा आणि मेकोनेन यांच्या मोजणीत जागतिक सरासरी १,०२० आली. गोमांसाची किलोला १५,४०० लिटर. पण दुधाच्या हजारातले साडेआठशेहून जास्त लिटर हे शेतावर, कुरणावर पडलेलं आणि पिकाने प्यायलेलं पावसाचं पाणी. ते गाय नसती तरी पडलंच असतं. नळाच्या, धरणाच्या, बोअरच्या पाण्याचा भाग शंभर लिटरच्या आत. म्हणून ‘दूध सोडा, हजार लिटर पाणी वाचवा’ हे वाक्य भारी वाटतं, पण बादल्या भरून निघत नाहीत. खरी काळजी त्या सरासरीतली नाहीच. पाचशे-सहाशे मिलिमीटर पावसाच्या माण-खटाव, सांगोला, जत, आष्टी अशा तालुक्यांत बोअर उपसून नेपियर पिकवला, तर तुमच्या लिटरमागचं जमिनीतलं पाणी जागतिक सरासरीच्या कितीतरी वर जातं. २०१२-१३ आणि पुन्हा २०१८-१९च्या दुष्काळात चारा छावण्यांमध्ये ऊस तोडून जनावरांना घालावा लागला. साखरेसाठी वाढवलेलं, धरणाचं पाणी प्यायलेलं पीक भाकड जनावराच्या पोटात. याहून महाग चारा नाही.

भावाला या बाबतीत दोन गोष्टी सांगा. मका चिकात असताना कापून मुरघास (हवाबंद आंबवलेला हिरवा चारा) करावा; तो पचायला हलका, दूध सावरतो, आणि उन्हाळ्यात हिरव्या चाऱ्यासाठी बोअर उपसावं लागत नाही. दुसरं, पेंड जेवढी जास्त तेवढं दूध जास्त ही समजूत सोडावी. गरजेपेक्षा जास्त सरकी पेंड घातली की जादा प्रथिनांचा नत्र मूत्रातून बाहेर पडतो. त्याचा अमोनिया होतो, जमिनीत जाऊन नायट्रस ऑक्साइड होतो, आणि तो तर कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट. विहिरीत नायट्रेट उतरतं ते वेगळंच. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाचा संतुलित आहाराचा कार्यक्रम आहे. गाईचं वजन, दूध, फॅट आणि घरात असलेला चारा सांगितला की कोणती पेंड किती घालायची ते काढून देतात. त्यातून लिटरमागचा मिथेन दहा-पंधरा टक्क्यांनी खाली येतो आणि खर्चही वाचतो. नवं काही विकत घ्यावं लागत नाही म्हणून बहुधा त्याची जाहिरात कमी होते.

मिथेन कमी करणाऱ्या पुड्यांबद्दल हल्ली विचारतात. युरोपात थ्री-एनओपी नावाच्या औषधाला २०२२ मध्ये दुभत्या गायींसाठी परवानगी मिळाली. त्याने सुमारे तीस टक्के घट होते. आपल्याकडे बंगळूरुच्या राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रियाशास्त्र संस्थेने टॅनिनयुक्त वनस्पतींपासून ‘हरित धारा’ काढलं, तिथे दावा १७ ते २० टक्क्यांचा आहे. शास्त्र ठीक आहे. अडचण गोठ्यातली. युरोपातल्या गाईला सगळा खुराक एकत्र कालवून दिवसभर समोर असतो, म्हणजे प्रत्येक घासात औषध जातं. आपली गाय धार काढताना दोनदा पेंड खाते आणि बाकी वेळ वैरण. औषधाचा असर काही तासांत ओसरतो. आणि लिटरमागे एक रुपया सुटत नसताना हवेसाठी पुडी कोण विकत घेणार? दूध संघांनी कार्बनचे पैसे मिळवून त्यातला वाटा शेतकऱ्याला दिला, तरच हे चालेल. डेन्मार्कने २०२४ मध्ये उलट वाट धरली: २०३०पासून जनावरांच्या वायूंवर कर. तिथे मोजके मोठे गोठे आहेत, त्यांची मोजणी होऊ शकते. आपल्याकडे दोन गायींच्या घराला कर लावणं मला तरी शहाणपणाचं वाटत नाही.

शेणाबाबत आपण बऱ्यापैकी नशीबवान आहोत. शेण कोरडं पडलं, त्याच्या गोवऱ्या झाल्या किंवा उकिरड्यावर वाऱ्याला उघडं राहिलं, तर त्यातून मिथेन कमी निघतो. पाणी मारून गोठा धुतला आणि ते खड्ड्यात साठवलं की हवा कोंडते आणि मिथेन सुरू. मुक्त संचार गोठा वाढला हे म्हणूनच चांगलं झालं. जनावर मोकळं फिरतं, शेण वाळतं, धुण्याचं पाणी वाचतं, आणि माजही लवकर दिसतो. ज्यांना बांधून ठेवून धुवावंच लागतं त्यांनी गोबर गॅस बसवावा. चार-पाच गायींचं पन्नास किलो शेण दोन घनमीटरच्या संयंत्राला पुरतं, आणि त्यातून महिन्याला दीड-दोन सिलिंडरइतका गॅस मिळतो. उरलेली शेणाची राबडी (स्लरी) शेतात. नेदरलँड्समध्ये हेच गणित हाताबाहेर गेलं: जमीन थोडी, जनावरं अफाट, शेणाचा अमोनिया राखीव निसर्गक्षेत्रांवर. २०१९ मध्ये न्यायालयाने सरकारची नत्राची योजना रद्द केली आणि शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर आले. आपल्याकडे दोन एकरांवर चाळीस गायी बांधणाऱ्यांनी तो प्रकार लक्षात ठेवावा. एवढं शेण त्या दोन एकरांत मुरत नाही.

मिथेनच्या नादात एक गोष्ट विसरली जाते, ती गिधाडं. जनावराला ताप-सुजेसाठी डायक्लोफेनॅक टोचलं आणि ते मेलं, तर ते खाणाऱ्या गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात. नव्वदच्या दशकापासून पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून जास्त संपली. २००६ मध्ये जनावरांसाठी ते औषध बंद झालं, २०२३ मध्ये अ‍ॅसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेनही. मेलॉक्सिकॅम सुरक्षित आहे. तुमच्या भावाने डॉक्टरकडून एवढं नाव विचारून घेतलं तरी पुष्कळ.

मांसाचं थोडक्यात. जगात सगळ्यात जड आहे ते फक्त मांसासाठी पाळलेल्या गुरांचं मांस. पूर-नेमेचेक यांच्या सरासरीत किलोला शंभर किलोच्या आसपास, कारण आईच्या पोटाचा भारही त्याच मांसावर पडतो, आणि ब्राझीलमध्ये कुरणासाठी तोडलेलं जंगलही. दुधाच्या कळपातून आलेलं गोमांस त्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर येतं. अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात राहणारे, आठवड्यातून चार दिवस बीफ खाणारे कोणी नातेवाईक असतील, तर मुलीने तिचा आवाज तिथे लावावा; दुधाचा पेला त्यापुढे किरकोळ आहे. मेंढी-शेळीचं मांस चाळीसच्या आसपास, कोंबडी दहा, अंडी पाचच्या आत. आपल्याकडे २०२३-२४ मध्ये एक कोटी टनांच्या वर मांस झालं आणि त्यातलं निम्मं कोंबडीचं.

पण इथेही तोच गुंता आहे. ब्रॉयलर कोंबडी किलोभर वजनाला पावणेदोन किलोच्या आत खाद्य खाते म्हणून ती हलकी. मात्र ते खाद्य म्हणजे मका आणि सोयाबीन, शेतात मुद्दाम पिकवलेलं. उस्मानाबादी शेळी बाभूळ-बोरीचा पाला खाते आणि जुळी देते. धनगरांची मेंढरं पड रानात चरतात, आणि रात्री शेतात बसवायला शेतकरी धान्य किंवा पैसे मोजतो, कारण लेंड्या-मूत्राने जमीन उठते. हे खत किलोच्या आकड्यात कोणी धरत नाही. दुसरीकडे ज्या माळावर गवताची मुळंही उरली नाहीत तिथे तोच कळप माती मोकळी करतो. महिन्यातून दोनदा मटण खाणाऱ्या घराला मी काही सांगायला जाणार नाही.

राहता राहिलं तुमचं फ्रिज. एक किलो पनीरला गाईचं पाच-सहा लिटर दूध लागतं, त्यामुळे दुधाच्या पेल्यापेक्षा आठवड्यातून तीनदा होणारं पनीर बटर मसाला जड. शिवाय पनीरची निवळी, म्हणजे दूध फाडल्यावर उरणारं पाणी, न शुद्ध करता नाल्यात सोडली, तर तिचा सेंद्रिय भार घरगुती सांडपाण्याच्या शंभरपटीहून जास्त असतो. लहान कारखान्यांच्या मागच्या ओढ्याला वास का येतो ते यात आलं. वनस्पतिजन्य ‘दूध’ लिटरला एक किलोच्या आसपास बसतं, म्हणजे खरंच हलकं. पण बदामाच्या दुधात प्रथिनं नावाला, आणि बदाम येतो कॅलिफोर्नियाच्या सिंचनाच्या पाण्यावरून. सोयाचं दूध प्रथिनांत बरोबरीला येतं; मुलीला दूध सोडायचंच असेल तर तिने तिकडे वळावं, आणि बी-१२ कुठून मिळेल ते बघावं. तुम्ही आणि वहिनी चहापुरतं दूध घेत असाल तर ते बंद करून फार काही हाती लागणार नाही. उतू गेलेलं, नासलेलं, पातेल्यात राहून फेकलेलं दूध आधी मोजा.

आणि पुढच्या वेळी फलटणला गेलात की भावाला दुधाचा दर विचारण्याआधी प्रत्येक गाईची शेवटची व्यायल्याची तारीख विचारा. वहीत लिहिलेली असेल तर त्यात दोनशे दिवसांवर गाभण न राहिलेल्या गायी किती, ते मला कळवा. लिहिलेलीच नसेल तर तिथून सुरुवात करू.